भोपळ्याच्या पोटातलं रक्त

सुप्याच्या बाजारतळावर त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. मांडवात जंतूहरण महाराज बसले होते. पोटावर हळद चोळून जायचं, महाराज तांब्यातल्या तीर्थात बुडवलेलं फडकं त्यावरून फिरवायचे आणि फडकं लालभडक!

"बघा, जंतूंचं रगात! ह्येच मान्साला फुगवत्यात. एकूणएक मारतो!"

शेजारी पुरावा म्हणून द्वारकाबाई. वर्षात चाळीस किलो उतरलेल्या.

मी गावातली डॉक्टर. त्यांना वजन कमी करायच्या ऑपरेशनला पुण्याला मीच धाडलं होतं. लोक हसतील म्हणून त्यांनी गावात महाराजांचं नाव सांगितलं, आणि महाराजांनी आयतीच संधी साधली. पेशंटचं गुपित फोडायची मला मुभा नाही. पण त्यांची धाकटी जाऊ अनिता, वजन एकशे वीस, साखर चारशेच्या घरात, तिने फडक्यावर विसंबून ऑपरेशनची तारीख रद्द केली आणि इन्सुलिनही सोडलं. तिच्या जिवावर बेतणार होतं. माझं डोकंच फिरलं.

बाजारातून एक भोपळा घेतला, हळद फासली आणि मांडवात शिरले.

"महाराज, ह्याचंही वजन फार वाढलंय."

लोक खिदळले. महाराजांनी फडकं लपवलं. मी तांब्यात माझा रुमाल बुडवून भोपळा पुसला. रुमाल लालभडक!

"आता भोपळ्यालाबी रगात?" म्हाताऱ्या प्रयागबाई म्हणाल्या.

"आजी, हळदीत चुना कालवला की काय होतं?"

"लाल हुतंय की!"

"तांब्यात चुन्याची निवळी आहे."

घरोघरच्या बायकांना हे ठाऊक होतं, तरी सगळ्या हात जोडून बसल्या होत्या!

"मग ही द्वारकाबाई कशी उतरली?" महाराज ओरडले.

ते सांगणं माझ्या हातात नव्हतं. द्वारकाबाईंनी समोर बायकांत बसलेल्या अनिताकडे पाहिलं आणि त्या उठल्या.

"माझं आप्रेशन झालंय. वण हायत पोटावर, बायांना दावते. लाजंपायी ह्याचं नाव घेतलं."

महाराज तांब्या तिथंच टाकून सटकले.

"मग पोटात जंतू न्हाईत व्हय?" अनिताने विचारलं.

"आहेत, कोट्यवधी. बरेचसे अन्न पचवायला मदत करतात. ऑपरेशननंतर त्यांच्यातही बदल होतो, काही वाढतात, काही घटतात. साखर उतरण्यात त्यांचा वाटा किती, याचा शोध चालू आहे. सगळं कळलंय असं डॉक्टर म्हणत नाहीत. तसं म्हणणारा आत्ताच पळाला."

द्वारकाबाईंनी अनिताचा हात धरला. "डाक्टरीणबाई, हिला तारीख परत मिळंल का?"

"मिळवू. इन्सुलिन मात्र आजच सुरू."

बायांनो, आजाराची कसली लाज? चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी तांब्यात काय आहे, एवढं विचारा.