वायरीची चुगली

माझ्या साबणाच्या कारखान्यात जावयाने नवी वायर फिरवली. एकच वायर, दोन्ही कढयांना शिवून ऑफिसातल्या पडद्यापर्यंत. प्रत्येक कढईत सोडलेला सेन्सर तिच्यातून ताप कळवतो म्हणे. घरोघर फिरणारी बाई चुगली केल्याशिवाय राहत नाही, मग ही कशी राहील?

केलीच. या आठवड्यात तीनदा पडद्यावर दोन नंबरची कढई करपायच्या बेताला आली. दोनवर, म्हणजे मोठ्या कढईवर, आमचे म्हातारे मिस्त्री; एकवर जावयाचा धाकटा भाऊ.

"आई, मिस्त्रींना आता घरी बसवा," जावईबापू म्हणाले. "वाफ चालू ठेवून डुलक्या काढतात."

"वहिनी, तीस वर्षं मी नुसत्या वासावर ताप सांगतोय," मिस्त्री म्हणाले. "माझी कढई तापलीच नाही."

मला डाव कळला. भावाला मोठी कढई हवी, म्हणून म्हाताऱ्याला खड्यासारखा वेचून काढायचा. पण पुराव्याशिवाय जावयावर तोंड टाकलं, तर लेक माझंच तोंड बघायची नाही.

गार पाण्याची बादली मागवली. मिस्त्रींच्या कढईतला सेन्सर उचलून स्वतःच्या हाताने तिच्यात बुडवला आणि ओरडले, "वाचा, बापू! कोण गार पडलं?"

ऑफिसच्या काचेआडून बापूंचा आवाज आला, "एक नंबर!"

"बुडवलाय दोनचा! म्हणजे तापत होती तुमच्या भावाची कढई, आणि बोल या म्हाताऱ्याला! कुणी केली ही अदलाबदल?"

जावईबापू बाहेर आले, सेन्सर पालथा करून बघितला. "आई, याचा नंबर याच्या पोटात असतो. कुठेही टांगा, हा स्वतःला एक नंबरच म्हणवणार. मी बसवले तेव्हा बरोबर होते. मधे कुणी काढले होते का?"

सोमवारी काढले होते. घासायला. पोरं नीट घासत नाहीत म्हणून मीच काढले, मीच घासले, मीच टांगले. सारखेच दिसतात मेले. ताप दाखवणारी जुनी काट्यांची घड्याळं कुठंही लावली तरी असतील तिथलाच ताप सांगायची.

सगळे माझ्याकडे बघत होते.

"काय वहिनी," मिस्त्री मिशीत हसले, "आता घरी कोण बसणार?"

"कामाला लागा," मी म्हटलं. "आणि बापू, भावाला जागं ठेवा."

सेन्सर जागच्या जागी गेले. मग मी लाल रंगाचा डबा आणला आणि दोन्ही सेन्सरांवर, दोन्ही कढयांवर ठसठशीत आकडे काढले. शाळा दुसरीत सुटली, पण एक आणि दोन मला येतात.