व्यंकटरावांच्या कानावरचा हेडफोन

मित्रांनो, मी हेडफोन आहे. वय बारा वर्षे, रंग काळा, पाठ बंद. पाठ बंद म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण माझ्या अभिमानाचे मूळ तिथेच आहे. काही हेडफोनांच्या वाट्यांना मागून जाळी असते. त्यातून वारा खेळतो आणि आवाजही बाहेर सांडतो. माझ्या वाट्या मागून बंद आहेत. आतला आवाज मी बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरचा सहसा आत येऊ देत नाही. ज्याच्या कानावर बसलो, त्याच्यापुरताच मी बोलतो.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला, ते मला नीट आठवत नाही. केसासारखी बारीक तार गुंडाळणारी कुणाची तरी बोटे आठवतात, एवढेच. पुढे बराच काळ खोक्यातला अंधार. खोके उघडले ते पूर्णा गावात, व्यंकटरावांच्या हातांनी.

व्यंकटराव म्हणजे लाऊडस्पीकरवाले. लग्न असो, जत्रा असो की कुस्त्यांचा फड, कर्णे त्यांचेच असत आणि माईकवरचा आवाजही त्यांचाच असे. 'मंडळी, जागेवर बसून घ्या' असे त्यांनी एकदा म्हटले की उभा फड खाली बसे. तीस वर्षे त्यांनी कर्ण्यांच्या शेजारी उभे राहून काढली.

एकदा वालूरच्या जत्रेत सरजाबाई नावाची एक बाई त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. तिच्या पदराला धरून तिची लेक होती, राजेश्री. पोर जन्मापासून आंधळी. तिसरीत शिकत होती.

"दादा," सरजाबाई म्हणाली, "तुमच्या यंत्रात गाणी भरतेत, तसं पुस्तक भरता येतं का? मला वाचता येत न्हाई आन् हिला दिसत न्हाई. पर हिच्या ध्यानात लय राहतं."

व्यंकटरावांना त्या दिवशी काय वाटले कोण जाणे. मंडप आणि कर्ण्यांचा पसारा त्यांनी पुतण्याच्या हवाली केला. घराच्या मागच्या खोलीत भिंतींना जुन्या गोधड्या ठोकल्या, एक माईक आणला, आणि मला मागवले.

खोली लहान. वाचणारा आणि ऐकणारा समोरासमोर बसत. तिथे जाळीचा हेडफोन असता, तर त्यातला आवाज सांडून पुन्हा माईकमध्ये गेला असता. म्हणून तिथे माझ्यासारखाच हवा होता. शिवाय पूर्णा पडले रेल्वेचे जंक्शन. इंजिनाची शिट्टी मात्र माझ्या बंद पाठीलाही जुमानत नसे. ती वाजली की व्यंकटराव हात वर करीत, वाचणारा थांबे, गाडी जाई, आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू होई.

सुरुवातीला निरनिराळी माणसे वाचायला येत. पाच वर्षांनी शिवकन्या आली. ताडकळसची मुलगी, आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. आली होती संगणक दुरुस्त करायला. माईक तपासताना तिने पाठ्यपुस्तकातला एक उतारा वाचला आणि मी व्यंकटरावांच्या कानात तो जसाच्या तसा पोचवला. त्यांनी मला डोक्यावरून उतरवलेही नाही. तसेच म्हणाले, "पोरी, उद्यापासून इथं वाचायला येतीस का?" ती आली, ती आजतागायत.

मित्रांनो, ते दिवस माझ्या वैभवाचे होते. गिळलेला आवंढा, पान उलटताना होणारी सळसळ, गोधडीमागे शिरलेली पाल, सगळे मी टिपत असे. एकदा प्रत्येक वाक्यात बारीक किणकिण येऊ लागली. खोलीभर शोधाशोध झाली. शेवटी व्यंकटराव डोळे मिटून माझ्याकडे लक्ष देऊन बसले आणि म्हणाले, "शिवकन्या, तुझ्या बांगड्या." त्या दिवसापासून ती बांगड्या काढून टेबलावर ठेवी आणि मगच पुस्तक उघडी. आलेल्या-गेलेल्याला व्यंकटराव मला उचलून दाखवत. "हा खोटं बोलत न्हाई," असे म्हणत. आमची पुस्तके परभणी, सेलू, जिंतूर, पार नांदेडपर्यंत आंधळ्या मुलांच्या मोबाइलवर पोचली. तिसरीतली राजेश्री तर आमच्याच पुस्तकांवर वाढत वाढत बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला गेली.

मग गेल्या दोन वर्षांत काहीतरी बिनसले.

मुलांचे फोन येऊ लागले. पुस्तक ऐकवत नाही, आवाज टोचतो, अर्ध्या तासात डोके धरते. व्यंकटराव मला कानावर चढवून तेच पुस्तक पुन्हा ऐकत आणि गोंधळून जात. उलट त्यांना आवाज मऊ, बोथट वाटत असे. म्हणून संगणकावर ते ट्रेबल वाढवीत. ट्रेबल म्हणजे आवाजातला बारीक, धारदार भाग. 'स' आणि 'श' त्याच्यावरच उभे असतात. ते वाढवीत, मुले तक्रार करीत, ते पुन्हा ऐकत, आणि त्यांना अजूनही कमीच वाटे. मला सगळे लख्ख कळत होते. पण मी फक्त ऐकवू शकतो, सांगू शकत नाही.

शेवटी दोष माझ्यावर आला.

"बारा वर्षं झाली ह्याला," व्यंकटराव शिवकन्येला म्हणाले. "ह्याचा ट्रेबल गेलाय. म्हातारा झाला."

मी म्हातारा दिसत होतो, हे खरे. माझ्या गाद्यांचे रेक्झिन सोलून निघाले होते आणि त्याचे काळे कण व्यंकटरावांच्या कानांना चिकटत. वायरीला दोन ठिकाणी चिकटपट्टी होती. पण माझा आवाज होता तसाच होता. त्यांनी दोन नवे हेडफोन मागवले, दोन्ही पाठ बंद असलेले, आणि माझी रवानगी कपाटाच्या खालच्या कप्प्यात झाली. ज्याने मला 'खोटं बोलत न्हाई' म्हणून मिरवले, त्यानेच मला खोटारडा ठरवले. कप्पा बंद झाला तेव्हा मला सर्वांत जास्त तेच लागले.

बी.ए.च्या परीक्षेला तीन आठवडे उरले असताना एका सकाळी सेलूहून गाडीने राजेश्री आणि सरजाबाई पूर्णेला येऊन थडकल्या.

"दादा, राग मानू नका," सरजाबाई दारातच म्हणाली. "पोरीचं डोसकं फुटायलंय. इतिहासाचं पुस्तक ऐकलं की वकारी येती म्हणती."

व्यंकटराव दुखावले. "पुस्तक झाक भरलंय," ते म्हणाले. "आता तर नवे हेडफोन आणलेत. तूच ऐक." त्यांनी दोन्ही नवे राजेश्रीच्या हातात दिले.

राजेश्रीने पहिला चाचपला. गाद्या गुबगुबीत, लोण्यासारख्या. तिने तो घातला आणि हसली. "काका, हा दिवसभर घालून बसावा असा हाय. पर आवाज बघा ना, घागरीत तोंड घालून बोलल्यावानी. खर्ज लय, शब्द दबायलेत." दुसरा वजनाला हलका होता. तो घातल्याबरोबर तिने मान आखडली. "ह्याच्यात पत्र्यावर खिळा ओढायलंय कुनी." मग तिने विचारले, "काका, जुना कुठंय? ज्याच्यावर माझी चौथीची कविता भरली होती?"

शिवकन्येने कप्पा उघडला. राजेश्रीने माझ्या सोललेल्या गाद्यांवरून बोटे फिरवली आणि मला कानावर घेतले. शिवकन्येने मुद्दाम दोन तुकडे लावले. आधी जसे वाचले होते तसे, व्यंकटरावांनी हात लावण्यापूर्वीचे. 'निजामाच्या संस्थानातील शेतसारा' अशी त्या वाक्याची सुरुवात होती.

"आत्ता कसं!" राजेश्री म्हणाली. "ताई समोर बसून बोलायलीय. गाद्या कानाला घासायलेत, पर आवाज खरा."

मग दुसरा तुकडा लागला, तेच वाक्य, पण व्यंकटरावांनी सुधारलेले. तिने झटकन मला कानावरून दूर केले.

दोन्ही वेळा हेडफोन तोच होता, म्हणजे मी. शिवकन्येला सगळे उमगले होते, पण ती खाली बघत राहिली. शेवटी राजेश्रीच हलक्या आवाजात म्हणाली, "काका, एक करू का? ताई संगणकातून बारीक शिट्टी सोडंल आन् चढवत न्हेईल. ऐकू येतंय तवर तुमी हात वर ठेवा."

व्यंकटरावांनी मला घातले आणि हात वर केला. शिट्टी चढू लागली. बासरीसारखी होती ती, मग रातकिड्यासारखी झाली. मी ती जशीच्या तशी त्यांच्या कानात सोडत होतो. रातकिड्यापाशी त्यांचा हात खाली आला.

"थांबली," ते म्हणाले.

"न्हाई काका," शिवकन्या म्हणाली. "वाजायलीय अजून."

त्यांनी मला दोन्ही हातांनी कानांवर दाबले. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला इतके घट्ट कुणी धरले नाही. मी जीव तोडून वाजत होतो. त्यांना काहीच ऐकू येत नव्हते. मग त्यांनी मला काढून राजेश्रीच्या हातात दिले. तिने मला नुसते कानाजवळ नेले आणि सांगितले, "वाजायलीय."

मला अभिमान वाटायला हवा होता. माझ्यावरचा आळ तिथेच धुऊन निघाला होता. पण समोर बसलेल्या माणसाचा चेहरा पाहून माझा अभिमान जागच्या जागी विरला. व्यंकटराव उठले आणि अंगणात गेले. सरजाबाई त्यांच्यामागे पाण्याचा तांब्या घेऊन गेली आणि ठेवून परत आली.

बऱ्याच वेळाने ते आत आले. तोंड धुतलेले होते. त्यांनी मला उचलले, धोतराच्या सोग्याने माझ्या वाट्या पुसल्या आणि म्हणाले, "ह्याला मी नाहक दोष दिला. तीस वर्षं कर्ण्यापाशी उभा राहिलो, त्याचं हे देणं हाय." मग त्यांनी मला शिवकन्येच्या डोक्यावर ठेवले आणि पट्टी तिच्या मापाला सरकवून दिली. "आजपासून ऐकायचं तू."

"आन् वाचायचं कुनी, काका?"

व्यंकटराव माईकपुढच्या खुर्चीवर बसले. "माझे कान गेलेत," ते म्हणाले. "गळा न्हाई गेला."

मित्रांनो, त्यांनी पुस्तक उघडले आणि पहिले वाक्य वाचले. बारा वर्षे मी त्यांच्या कानांवर बसलो, पण त्यांचा आवाज माईकमधून माझ्यात कधी आला नव्हता. तो आला आणि माझे पडदे थरारले. शिवकन्येच्या अंगावर काटा आला, तो तिच्या डोक्यावर टेकलेल्या माझ्या पट्टीला जाणवला. उभा फड खाली बसवणारा आवाज होता तो. आता तो एका मुलीसाठी हळू, समजावून, जवळ बसून सांगितल्यासारखा वाचत होता. दोन ओळी झाल्यावर शिवकन्येने हात वर करून त्यांना थांबवले.

"काका, 'श' जरा मऊ घ्या."

ते दचकले. मग लहान मुलासारखे हसले आणि ओळ पुन्हा वाचली.

अकरा दिवसांत सगळे पुस्तक नव्याने भरले. चौथ्या दिवशी नांदेडहून माझ्यासाठी नव्या गाद्या आल्या. त्याआधी शिवकन्येने त्या गुबगुबीत हेडफोनच्या गाद्या मला लावून पाहिल्या होत्या. बसल्या अगदी मापात, पण त्यांच्यामुळे माझाही आवाज घागरीतून येऊ लागला, म्हणून त्या ज्याच्या त्याला परत गेल्या. आरामात तो माझ्यापेक्षा सरस आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. आता तो वाचणाऱ्याच्या कानावर असतो, म्हणजे व्यंकटरावांच्या. तासन्‌तास वाचायचे तर मऊपणा हवाच. हलका हेडफोन पुतण्याने नेला.

राजेश्री पास झाली. इतिहासात ती कॉलेजात दुसरी आली. निकाल सांगायला तिने फोन केला तेव्हा शिवकन्येने फोन माईकपुढे धरला आणि तिचे बोलणे भरून ठेवले. आमच्या खोलीत जपून ठेवलेला हा एकच आवाज आहे, जो पुस्तकातला नाही. त्यात राजेश्री म्हणते, "काका, पेपर लिवताना तुमीच सांगायलात असं वाटायलं."

व्यंकटरावांनी परभणीला जाऊन कान तपासून घेतले. डॉक्टरांनी त्यांना कानात घालायचे छोटे यंत्र दिले आहे. ते यंत्र आणि मी, आमची ओळख होते आहे. त्यालाही लहानसा पडदा आहे. तेही माझ्यासारखेच दिवसभर एका माणसापुरते बोलते.

मित्रांनो, मी अजून कामावर आहे आणि चांगल्या कामावर आहे. माझी वायर करकचून गुंडाळू नका, गाद्यांवरचा घाम कोरड्या फडक्याने पुसा, मी आणखी दहा वर्षे खरे बोलेन. पण तुमच्यापैकी कितीतरी जण आम्हाला कानावर चढवून आवाज शेवटच्या खुणेपर्यंत नेतात. तसे करू नका. आम्ही तुमचे नोकर आहोत, वाढवाल तितके ओरडू. तुमच्या कानातले बारीक आवाज एकेक करून निघून जातील आणि जाताना सांगणारही नाहीत.

आणि घरात कुणी वडीलधारे 'ऐकू आलं नाही' म्हणाले, तर ओरडू नका. जवळ जाऊन बसा, त्यांच्या तोंडाकडे पाहा, आणि पुन्हा एकदा सांगा.