क्रुसाच्या पोटातल्या मेणबत्त्या

गोम्स आंटींच्या पलंगाच्या वर भिंतीवर एक जाडजूड लाकडी क्रूस होता. पुढची फळी सरकवली की आत पोकळी, आणि पोकळीत दोन मेणबत्त्या, पवित्र पाण्याची बाटली आणि घडी घातलेलं पांढरं फडकं. आंटींच्या आजीच्याही आजीचा तो, हुगळीकाठच्या बंडेलहून आलेला. घरातलं प्रत्येक मरण त्यानं बघितलेलं.

"आमच्यात माणूस अंथरुणाला खिळलं की हा उघडायचा, मेणबत्त्या लावायच्या आणि फादरना बोलवायचं," आंटींनी कालिंदीला सांगून ठेवलं होतं. "ते कपाळाला तेल लावतात. पण त्याआधी कन्फेशन, पापांची कबुली. तेव्हा माझी वाचा शाबूत असताना बोलव हं, बौमा."

नवऱ्याची, श्रीकांतची, बँकेतली बदली झाली आणि कालिंदी कोलकात्यात बालीगंजला आली, तेव्हापासून समोरच्या दारातल्या या बाईच तिच्या सासू, आई आणि शेजारीण. तिला त्या बौमा, म्हणजे सूनबाई, म्हणायच्या. आंटींचं स्वतःचं म्हणावं असं कुणी उरलं नव्हतं. बराकपूरला एक बहीण होती, तीही वारलेली. तिचं नाव निघालं की आंटी उठून चहा टाकायला जायच्या.

एका नाताळात कालिंदी त्यांच्याबरोबर चर्चमध्ये गेली होती. सगळे प्रसादासाठी रांगेत उभे राहिले, आंटी मात्र मागच्या बाकावर बसून राहिल्या.

"तुम्ही नाही घेत?"

"नाही गं. एक गोष्ट फादरना सांगायची राहिलीय. ती सांगितल्याशिवाय घेता येत नाही."

"मग सांगून टाका की!"

"रोज तोंड दिसतं त्यांचं, लाज वाटते. मरताना सांगेन. तेव्हा कसली लाज?" आणि आंटी हसल्या. एवढी वर्षं दर रविवारी नेमानं जाऊन उपाशी परत यायचं, आणि वर हसायचं! कालिंदीला त्यांचा राग आला होता.

या पावसाळ्यात आंटी पडल्या त्या उठल्याच नाहीत. डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं. श्रीकांत म्हणाला, "फादरना फोन कर. आंटींनी बजावून ठेवलंय ना?"

"काहीतरी अभद्र बोलू नकोस. काल अर्धी वाटी पेज खाल्लीय त्यांनी."

खरं कारण वेगळंच होतं. कालिंदीची आई आजारी होती, तेव्हा कुणा शहाण्या आत्यानं घाईघाईनं तिच्या तोंडात तुळशीपत्र आणि गंगेचं पाणी घातलं होतं. आईनं डोळे उघडून सगळ्यांकडे पाहिलं, काय ते समजली आणि भिंतीकडे तोंड करून गेली. ते तोंड कालिंदी विसरली नव्हती. मेणबत्त्या लागलेल्या पाहून आंटीही तशाच भिंतीकडे वळतील, या धास्तीनं तिनं क्रुसाला हात लावला नाही.

आंटी रोज विचारायच्या, "फादर?" आणि कालिंदी रोज म्हणायची, "येतील हं. आधी तुम्ही बऱ्या व्हा."

गुरुवारी दुपारी आंटींनी तिचं मनगट धरलं. पकडीत जोर नव्हता, पण डोळे लख्ख होते. "बौमा, मग तूच ऐक. माझी बहीण..."

"बोलू नका, दम लागेल," कालिंदीनं त्यांच्या ओठांवर हात ठेवला. "उद्या सांगा. निवांत ऐकेन."

आंटी तिच्याकडे बघत राहिल्या. मग डोळ्यांतून पाणी आलं आणि श्वास वेडावाकडा झाला. कालिंदीनं फादरना फोन लावला आणि ती आपल्या घरात धावली. हातांना जे ठाऊक होतं तेच त्यांनी केलं. देवघरातला गंगेचा गडू फोडून तिनं आंटींच्या ओठांवर दोन थेंब सोडले. ते ओघळून उशीवर गेले.

फादर सलील लगेच आले. चर्च दोन गल्ल्यांपलीकडे तर होतं. त्यांनी आंटींची नाडी पाहिली आणि खिशातून काढलेली तेलाची कुपी मुठीतच ठेवली.

"लावा ना फादर. अंग गरम आहे अजून."

"हे जिवंत माणसासाठी असतं, दीदी. मी आता प्रार्थना म्हणेन." ते घुटमळले. "मला आधी का नाही कळवलंत?"

"वाटलं, तेल लावलं की त्या आशा सोडतील."

"मरणाऱ्यालाच लावतात असं नाही. आजाऱ्याला बळ यावं म्हणून लावतात. जुन्या माणसांना ते पटत नाही, एवढंच. आठवड्यापूर्वीही चाललं असतं. बरं वाटलं असतं त्यांना."

कालिंदीनं वर पाहिलं. भिंतीवरचा क्रूस बंदच होता.

"शेवटी काही बोलल्या का?" फादरनी हळूच विचारलं.

"बोलत होत्या," ती म्हणाली. "मीच तोंडावर हात ठेवला."

कुपी खिशात ठेवून फादरनी पुस्तक उघडलं, आणि मेलेल्यांसाठीची प्रार्थना बंगालीत सुरू केली.