पराक्रम, मुक्काम पोस्ट काष्टी

मी 'पराक्रम' बोलतोय. हो, तोच, छाती फुगवून चालणारा! पण माझं मूळ अगदी साधं आहे. संस्कृतात 'परा' म्हणजे पुढे, पलीकडे आणि 'क्रम' म्हणजे पाऊल. पुढे टाकलेलं पाऊल, एवढाच मी. नंतर राजेरजवाड्यांनी मला तलवारीला बांधलं आणि मीही शेफारलो.

घरोघरच्या आयांनी मात्र मला कधी डोक्यावर बसवलं नाही. काष्टीच्या मुक्ताबाई लेकाने दूध सांडलं की ओरडायच्या, "काय पराक्रम केलास रे कानिफा!" मला राग यायचा, पण हसूही यायचं.

हाच कानिफनाथ फौजेत गेला. एकाहत्तरची लढाई आटोपून सुट्टीवर आला, तेव्हा गावाने त्याचा सत्कार ठरवला. शाळेतल्या नृसिंह गुरुजींनी पांढऱ्या मांजरपाटावर लाल रंगाने लिहिलं, 'आमच्या जवानाचा पराक्रम'. देवळासमोर ते कापड ताणून बांधलं. माझा रुबाब काय वर्णावा!

सरपंच भिमाजींनी हार घातला आणि म्हणाले, "किती रणगाडं फोडलं, सांग गावाला!"

कानिफनाथने हार काढून हातात घेतला. "एकबी न्हाई. मी लंगरात आचारी हाय. पत्रात लिवायची लाज वाटली, आई."

एक जण माझी दोरी सोडायलाच उठला. मला धडकी भरली.

गुरुजींनी विचारलं, "मग आघाडीवर जेवण कोण पोचवायचं?"

"मीच. तोफगोळे पडायचे, पाय लटलट कापायचे. पन पुढं पोरं उपाशी हुती."

"मागे फिरलास?"

"न्हाई, गुरुजी."

"मग बांधा रे ती दोरी घट्ट!" गुरुजी गरजले. "पुढे टाकलेलं पाऊल, हाच याचा अर्थ!"

हलगी कडाडली. मुक्ताबाई रडत-हसत आल्या आणि हार पुन्हा लेकाच्या गळ्यात घातला. "आजवर तुला रागं भरायला म्हनायचे, आज मनापासून म्हनते. लई मोठा पराक्रम केलास रे कानिफा!"

इतक्या मायेने मला आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. मी आनंदाने नुसता फडफडत होतो.

ते कापड मुक्ताबाईंनी मागून घेतलं. आता मी त्यांच्या भाकरीच्या दुरडीवर पांघरलेला असतो. धुऊन धुऊन रंग विटलाय, पण गरम भाकरीची ऊब रोज मिळते. मला भेटायचं असेल, तर तलवारीपाशी धुंडाळू नका. कुणा भुकेल्यासाठी दुरडी उचला आणि निघा, मी तुमच्या पावलात असेन.