बिनक्लचची गाडी

आधीच सांगून ठेवतो, एकतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस हाय मी. नांदेड-किनवट, नांदेड-लातूर, नांदेड-देगलूर, सगळे रस्ते पाठ. विनाअपघात सेवेचा बिल्ला घरात काचेच्या कपाटात ठेवलाय. आल्यागेल्याला मी तो काढून दाखवतो, आणि तेवढ्यात आमची मंडळी, कोंडाबाई, चहा टाकायच्या निमित्तानं उठून जाते. तिनं तो शंभरदा बघितलाय.

तर अशा ह्या रामकिशन ड्रायव्हरला एका जुन्या गाडीनं, तीबी क्लच नसलेल्या, पंधरा दिवस येडं करून सोडलं.

गाडी आमच्या पोरीची. विशाखा लातूरला जनावरांची डॉक्टर हाय, सरकारी. तिनं नवी गाडी घेतली आणि जुनी, चौदा वर्षांची, मला नांदेडला आणून दिली. ऑटोमॅटिक. क्लच न्हाई, गिअर आपोआप पडतात, आपण नुसती रेस द्यायची आणि ब्रेक मारायचा. मी म्हणलं, ही गाडी हाय का पाळणा? पण ठेवून घेतली. त्याला कारण होतं.

एकतीस वर्षांत कोंडाबाईला मी माझ्या गाडीत एकदाबी बसवलं न्हाई. आमच्या उस्तादानं शिकवतानाच बजावलं होतं, घरचं माणूस गाडीत असलं की ड्रायव्हरचं ध्यान रस्त्यावर राहत न्हाई. मी ते इमानानं पाळलं. तिला माहेरी जायचं असलं तरी दुसऱ्या ड्रायव्हरच्या गाडीत बसवून द्यायचो. इस्लापूरला मी किती मुक्काम केले त्याची गणती न्हाई. सहस्रकुंडाचा धबधबा तिथून जवळच. घरी येऊन सांगायचो, "काय पाणी पडून राहिलंय म्हणतो!" ती भाकरी थापत म्हणायची, "हाव का?" रिटायर झालो त्या दिवशी मी तिला शब्द दिला, तुला सहस्रकुंड दाखवीन, आपल्या गाडीत, पुढच्या सीटवर बसवून, मी चालवत. त्याला चार वर्षं झाली. ही गाडी दारात आली तवा ती बाजारातून नवी चप्पल घेऊन आली.

आणि गाडीनं रंग दाखवला की हो!

सपाटीला एकदम गुणाची. चढ आला की इंजन बोंबलायला लागायचं, गाडी काही ओढायची न्हाई. मग दणका देऊन पकडायची, परत सुटायची. जळाल्यासारखा वास यायचा. आणि हे रोज न्हाई बरं का! कधी करायची, कधी न्हाई. सोमवारी केलं, मंगळवारी शहाण्यावानी चढली, बुधवारी पुन्हा तमाशा. शेजारचा भागवत म्हणला, "लिंबू-मिरची बांधा." मी म्हणलं, "बाबा, आमच्या घरात लिंबू सरबतालाच लागतं." नांदेडच्या दोन मिस्त्र्यांनी बॉनेट उघडलं आणि लगेच बंद केलं. "ऑटोमॅटिक हाय मामा, आपण हात लावत न्हाई."

विशाखाला कळलं तशी ती फोनवर कडाडली. "बाबा, भर चढाला गाडी अडली आणि मागून ट्रक आला तर? रविवारपर्यंत ठीक झाली तर तुमची. न्हाईतर माझ्या ओळखीचे, शिरूर अनंतपाळचे श्रीमंत मास्तर ती मागून राहिलेत, सोमवारी त्यांना देऊन टाकते."

बाजूला कोंडाबाई ऐकत होती. तिनं नवी चप्पल परत खोक्यात ठेवली.

शुक्रवारी गाडी घेऊन लातूर गाठलं. कोंडाबाईला एसटीनं पाठवलं, बिघडलेल्या गाडीत तिला पहिल्यांदा कशाला बसवायचं? लातूरला गुरुपादप्पाचं गॅरेज हाय. माणूस निलंग्याकडचा, अर्धं कानडी अर्धं मराठी बोलणारा, पण ऑटोमॅटिक गाडीत त्याचा हात धरणारा दुसरा न्हाई. अप्पानं गिअरबॉक्सचं तेल काढून बोटावर चोळलं, वास घेतला. वायरी एकेक हलवून बघितल्या. लॅपटॉप जोडला. मग गाडी घेऊन गावाबाहेरच्या चढाला गेला आणि हसत परत आला.

"काही प्रॉब्लेम इल्ला, ड्रायव्हरसाहेब. मस्त चढली."

"अप्पा, मी काय खोटं बोलून राहिलो?"

विशाखानं चालवली. मस्त चढली. मी बसलो, अप्पा बाजूला मांडीवर लॅपटॉप घेऊन. चढ लागला आणि इंजन असं बोंबललं की रस्त्याकडेची शेरडं पळाली. "बघा! बघा!" मी आनंदानं ओरडलो. गाडी बिघडली म्हणून एवढा खूश झालेला माणूस अप्पानं आजवर बघितला नसेल.

अप्पा पडद्याकडं बघत म्हणला, "गाडी म्हणते, ब्रेक दाबलाय. ब्रेक दाबला की गिअरबॉक्स आतली पकड सोडतो, त्याला वाटतं थांबायचंय. तुमी दाबला का?"

"चढाला? ब्रेक? मी?" मला असा राग आला म्हणता! "अहो, पोरगंबी चढाला ब्रेक मारत न्हाई!"

"मग स्विच खोटं बोलतोय," अप्पा म्हणला, आणि ब्रेकचा स्विच बदलला.

शनिवारी पुन्हा तेच. अप्पा चालवतो, गाडी गाय. मी बसतो, गाडी उधळलेला बैल. अप्पा डोकं खाजवत बसला. विशाखा माझ्याकडं टक लावून बघत म्हणली, "जनावर बोलत न्हाई, बाबा. म्हणून मी दवाखान्यात आधी मालकाला बघते."

"मालकाला काय बघायचं? मालकाचा बिल्ला बघ!"

"बिल्ल्यानं गाडी चढते का?" इति कोंडाबाई. मी चावी घेऊन गाडीत बसलो.

शेवटचं एकदा बघू म्हणून निघालो. पुढं मी आणि अप्पा, मागून विशाखाच्या नव्या गाडीत मायलेकी. इंजन बोंबललं, दणके बसले, वास आला, कसेबसे वर पोचलो. कोंडाबाई मागच्या गाडीतून उतरली, पदर खोचत माझ्या खिडकीशी आली.

"ओ, तुमच्या गाडीचे मागचे लाल दिवे सगळा चढभर लागत होते. लागायचे, विझायचे, लागायचे. ते कशाला लावून राहिले तुमी?"

अप्पा लगबगीनं खाली उतरला, माझ्या बाजूचं दार उघडलं आणि उकिडवा बसून माझ्या पायांकडं बघायला लागला. "ड्रायव्हरसाहेब, गाडी उभीच ठेवा. नुसती रेस द्या. इंजनचा आवाज ऐका, जसा एसटीत ऐकायचे."

मी रेस दिली. इंजन गुरगुरलं, आवाज चढला, जरा दमल्यासारखा झाला. आणि माझा डावा पाय, माझाच पाय, मला न विचारता उचलला गेला आणि जाऊन ब्रेकवर टेकला. हलकेच. मी डोळ्यानं बघितलं.

आता सांगतो काय झालं होतं. एसटीत इंजन दमलं की डावा पाय क्लचवर जाणार, गिअर पाडायला. एकतीस वर्षं तेच. ह्या गाडीत क्लच न्हाई, पण ब्रेकचं पायडल चांगलं रुंद, डाव्या पायाखाली अलगद येणारं. सोमवारी पाय गेला, मंगळवारी भागवत शेजारी बसून गप्पा मारत होता तर इंजनकडं ध्यान न्हाई, पाय गेला न्हाई. गाडी धडधाकट होती. बिघडलेला पार्ट मी होतो.

"अय्यय्यो!" अप्पा रस्त्यावरच बसला. "जितका ड्रायव्हर पक्का, तितका गिअरबॉक्स बेजार!" विशाखा गाडीला टेकून हसली, हसता हसता खाली बसली. कोंडाबाईनं तोंडाला पदर लावला, पण खांदे हलत होते. मी रागानं लाल झालो. काहीतरी खणखणीत बोलायचं म्हणून तोंड उघडलं, तर त्यातून हसूच बाहेर पडलं. चौघंजण भर रस्त्यात डोळे पुसत होतो. एक टेम्पोवाला थांबून विचारून गेला, कुणाला काय झालं का म्हणून.

हसणं ओसरलं तशी विशाखा डोळे पुसत म्हणली, "पण बाबा, हे गाडीपेक्षा वाईट हाय. गाडीचा पार्ट बदलता येतो. पाय असाच जाणार असला तर मी गाडी तुमच्याकडं ठेवणार न्हाई."

बोलली ते खरं होतं, म्हणून जास्त लागलं. मी दोनदा चालवून बघितली. पहिल्यांदा पायाला बजावून, दुसऱ्यांदा चप्पल काढून, पाय पार सीटखाली घालून. दोन्हीदा दिवे लागले. वर उभा राहून मला वाटलं, संपलं. ज्या पायानं पोट भरलं, त्याच पायानं बायकोला दिलेला शब्द मोडला. मला तिच्या तोंडाकडं बघवेना.

कोंडाबाई मात्र पिशवीत काहीतरी शोधत होती. तिनं धुतलेल्या परकराची नाडी ओढून काढली. खाली बसली, माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्याला एक टोक पक्कं बांधलं, दुसरं टोक हातात गुंडाळलं, आणि पलीकडून येऊन पुढच्या सीटवर माझ्या शेजारी बसली. पहिल्यांदा!

"मी कंडक्टर," ती म्हणली. "एक झटका दिला की पाय मागं. दोन दिले की समदं ठीक हाय, जाऊ द्या."

"आगं, बेल अशी असते व्हय?"

"एकतीस वर्षं तुमच्याच तोंडून ऐकली. सिंगल बेल थांबा, डबल बेल चला. चला आता."

मी गाडी वळवून खाली नेली. चढ लागला. इंजन दमलं. पाय उचलायच्या बेतात, तेवढ्यात अंगठ्याला खस्सकन झटका! "आई गं!" दुसरा. तिसरा. मी बोंबलतोय, पण इंजन न्हाई बोंबलत! गाडी सरळ, एका दमात, वरपर्यंत. विशाखा मागून हॉर्न वाजवत आली, खिडकीतून ओरडली, "एकदाबी न्हाई! एकदाबी दिवा लागला न्हाई!" आणखी तीन फेऱ्या झाल्या. तिन्हीदा दिवे बंद. अप्पा म्हणला, चाळीस वर्षांच्या धंद्यात हा पार्ट कुठल्याच दुकानात बघितला न्हाई.

विशाखानं तिथूनच श्रीमंत मास्तरांना फोन लावून न्हाई म्हणून कळवलं. मग मला बोट दाखवून म्हणली, "पण आई शेजारी असल्याशिवाय चावीला हात लावायचा न्हाई." उस्ताद असते तर त्यांनी कपाळावर हात मारला असता.

रविवारी सकाळी नांदेडहून निघालो. कोंडाबाईच्या पायात नवी चप्पल, हातात नाडी. भोकरपर्यंत सात झटके खाल्ले, हिमायतनगरपर्यंत दोन. त्याच्यापुढं पायाला बहुतेक अक्कल आली. इस्लापूरच्या अलीकडच्या चढाला इंजन दमलं, तरी डावा पाय गप पडून राहिला. मी हळूच बाजूला बघितलं. कोंडाबाई खिडकीबाहेर हिरवं रान बघत होती, नाडी मांडीवर ढिली पडली होती. मला कसंतरीच झालं. आता हिला काम काय उरलं?

खरं सांगतो, पाय हलवायचं काही कारण नव्हतं. तरी मी अंगठा जरासाक हलवला.

तिनं खिडकीवरची नजर न काढता दोन झटके दिले.