शेगडीला थंडी वाजते

शेगडी हे काही त्याच्या आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते पुलाच्या कामाच्या यार्डातल्या लोकांनी ठेवलं. भर हिवाळ्यात नदीवरून वारा सुटला की बाकीचे कानटोप्या आणि मफलर गुंडाळून नुसती नाकं बाहेर ठेवायचे, आणि हा गडी एका सुती सदऱ्यावर, बाह्या कोपरापर्यंत दुमडून मधोमध उभा. "या, शेकून घ्या," म्हणायचा. कुणी कुडकुडताना दिसला की मग त्याची खैर नाही. "काय रे, दात वाजवल्याचा पगार वेगळा मिळतो का?" दिवसभर त्याला सोडायचा नाही. कितीतरी हिवाळे त्याने असे लोकांना हसण्यात काढले. मग लोकांनी नाव ठेवलं तर चुकलं कुठे?

तर या शेगडीला आता थंडी वाजत होती.

मागच्या हिवाळ्यापासूनच. आधी पायाची बोटं, मग गुडघे, मग पाठ. घरात ठीक असायचं. चार भिंतींच्या आत तो अजूनही पंखा लावा म्हणणारा माणूस. पण दाराबाहेर पाऊल टाकलं की अंगात हीव भरायचं. साठीला टेकलेल्या माणसाला उघड्यावर थंडी वाजावी, यात नवल ते काय? तुम्हाला-आम्हाला काही वाटणार नाही. त्याला मात्र चोरी केल्यासारखं वाटायचं.

त्या दिवशी सकाळी तो कपडे चढवत होता. दोन बनियन, त्यावर बिनबाह्यांचा स्वेटर, त्यावर तो सुप्रसिद्ध सुती सदरा. आणि पँटच्या आत बायकोची लोकरीची तंग विजार.

"जपून ओढा, माझी आहे ती," बायको म्हणाली. "ताणून ठेवली तर मी काय घालू?"

"हळू बोल. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत! अहो, बोटं दाखवा बघू इकडे." तिने त्याचा हात ओढून उजेडात धरला. "बघा, पांढरी पडलीत. परवा कामावरून आलात तर दाराची किल्ली धरता येईना तुम्हाला. सांगून टाका ना मुकादमाला. आत स्टोअरमध्ये बसवतील."

"स्टोअरमध्ये? खिळे मोजायला?"

"मग मोजा की. खिळे काय चावतात?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची. तू कुणाला बोलायचं नाहीस, सांगून ठेवतो."

"सुंभ जळेल, पण पीळ काही जायचा नाही तुमचा," ती म्हणाली. पण बोलताना तिचा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. तिलाही धास्ती होती, आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती.

खिळ्यांची लाज हे अर्धंच कारण होतं. खरं कारण वर क्रेनमध्ये बसायचं.

यार्डात पुलासाठी काँक्रीटच्या लाद्या ओतल्या जात. एकेक लादी खोलीएवढी. ती क्रेनने उचलायची आणि पलीकडे लाकडी ठोकळ्यांवर ठेवायची. क्रेन चालवायची त्याची भाची, धाकट्या बहिणीची मुलगी. वरच्या केबिनमधून तिला लादीखालचं काहीएक दिसत नसे. दिसायचा तो फक्त खाली उभा राहून हाताने खुणा करणारा माणूस, म्हणजे मामा. बोट वर करून फिरवलं की उचल. तळवा खाली दाबला की उतरव. हात आडवा धरून मूठ आवळली की थांब. आणि मूठ उघडली-मिटली, उघडली-मिटली, की अगदी तसूतसूने खाली घे. वायरलेस होता, पण वारा सुटला की त्यातून नुसती घरघर यायची. भरवसा काय तो हाताचा.

भाचीने क्रेन शिकायचं काढलं तेव्हा बहिणीने घर डोक्यावर घेतलं होतं. शेवटी भावाला म्हणाली, "पोरीला वर चढवतोस ना? मग खाली तू उभा राहायचं. दुसरा कुणी नाही." तो हो म्हणून बसला. आता तो स्टोअरमध्ये गेला तर खाली कोण येणार? कुणीतरी उपटसुंभ. त्याची एक खूण चुकली आणि खाली कुणी चेंगरलं, तर ते जन्मभर पोरीच्या माथी. या विचाराने त्याची झोप उडायची, आणि सकाळी उठून तो दुसरा बनियन चढवायचा. चूक करणार तो दुसराच कुणीतरी, हे त्याने मनाशी धरून ठेवलं होतं. ती आपल्याच हातून होऊ शकेल, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, मग हातमोजे घालावेत की बाबाने! कसे घालणार? खुणा करणाऱ्याने मोजे घालायचे नाहीत, हा नियम याचाच. "मोज्यात बोटं म्हणजे पोत्यात बटाटे. वरच्याला काय डोंबल कळणार?" असं म्हणून एका नव्या माणसाचे मोजे त्याने सगळ्यांदेखत काढायला लावले होते. आता कुठल्या तोंडाने घालायचे?

यार्डात पोचला तेव्हा ऊन पडलं होतं, पण ते नुसतं बघायचं ऊन. वारा मात्र कापत सुटला होता. पहिल्या लाद्या नीट बसल्या. मधल्या वेळात तो कुणाचं लक्ष नाही असं बघून हात काखेत घालायचा, आणि कुणी वळलं की पटकन काढून कमरेवर ठेवायचा. भाचीने वरून हात हलवला. त्यानेही हलवला, हसला. आतून मात्र तो दिवस कधी संपतोय याची वाट बघत होता.

जेवणाच्या सुट्टीआधीची शेवटची लादी. ती गुडघ्याएवढ्या उंचीवर आली आणि त्याने हात आडवा धरून मूठ आवळली. थांब. लादी थांबली. खाली फिटर उकिडवा बसला होता. एक ठोकळा तिरका झाला होता. ठोकळा काठीने सरकवायचा, हात घालायचा नाही, हे फिटरला ठाऊक होतं. पण काठीने सरकेना, तसा त्याने मोज्यासकट हातच घातला. सगळेच घालतात.

"आवर लवकर," शेगडी म्हणाला.

"तुला रे काय घाई? गारठलोय तर आम्ही," फिटर आत बघतच हसला. "अडकलंय मेलं इथे. धरून ठेव जरा."

त्याने धरून ठेवलं. वारा बाहीतून आत शिरला. खांदा भरून आला. आणि बोटं आहेत की नाहीत हेच कळेना. हात दिसत होता, पण तो दुसऱ्या कुणाचा असावा तसा. मूठ मिटलेली आहे ना? त्याने बघितलं. होती. मग तो पुन्हा फिटरकडे बघायला लागला. गारठलेल्या हाताचं माणूस काय करतो? तुम्ही-आम्ही करतो तेच. बोटांत मुंग्या आल्या, जरा ऊब आली, बरं वाटलं. आणखी एकदा केलं. आणखी बरं वाटलं.

आणि त्याला दिसलं, की लादी खाली येतेय.

आधी त्याला राग आला. भाचीचा! ही काय करतेय? कुणी सांगितलं हिला? त्याने वर बघितलं. ती काचेला नाक लावून, डोळ्यांची पापणी न लववता, एकटक त्याच्या हाताकडे बघत होती. म्हणून त्यानेही हाताकडे बघितलं. हात उघडत होता, मिटत होता.

मूठ आवळायची, एवढंच करायचं होतं. बोटं अर्धीमुर्धी वळली आणि तिथेच आखडली. "हात काढ!" तो किंचाळला, दोन्ही हात वर फेकून नाचल्यासारखा उड्या मारायला लागला. "हात! अरे हात काढ!"

फिटर मागच्या मागे कोलमडला. लादी तिरक्या ठोकळ्यावर कलती टेकून थांबली. तिच्याखालून एका हातमोज्याचं मनगट तेवढं बाहेर दिसत होतं.

फिटर जमिनीवर बसून उघड्या हाताची बोटं दुसऱ्या हाताने एकेक चाचपत होता. "आहेत," तो म्हणाला. "सगळी आहेत." आणि एवढा बाप्या माणूस, ढसाढसा रडायला लागला.

भाची शिडीवरून धडपडत उतरली. मुकादम धावत आला. "कुणी उतरवली?" तो ओरडला. "माणसाचा हात आत असताना?"

"मामाने खूण केली," ती म्हणाली. ती पांढरीफटक पडली होती.

"शेगडीमामा असली खूण करतील? इतकी वर्षं बघतोय मी. त्यांचा हात कधी चुकला नाही." मुकादमाचा आवाज जरा खाली आला. तो काही दुष्ट नव्हता. समजूतच घालत होता. "काचेवर ऊन असेल पोरी. डोळे दिपले असतील. नीट आठव."

सगळे तिच्याकडे बघत होते. तिने मामाकडे बघितलं. मामा लादीखालच्या मोज्याकडे बघत होता.

"असेल," ती हळूच म्हणाली. "ऊन होतं खरं. मला वाटलं मूठ उघडली, पण... मामा कसा उघडेल?"

पोर खोटं बोलत नव्हती, हीच तर पंचाईत. तिला ते खरंच पटायला लागलं होतं. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा मामावर तिचा भरवसा जास्त. ज्या भीतीने तो इतके दिवस थंडी पोटात ठेवून उभा होता, ती भीती त्याच्या डोळ्यांदेखत खरी होत होती, आणि ती खरी करणारा तो स्वतःच होता.

"तिचं बरोबर आहे," तो म्हणाला. "मूठ मी उघडली."

"का?" मुकादमाने विचारलं.

"थंडी वाजते मला."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि सगळेच हसायला लागले. घाबरलेली माणसं अशी हसतात, त्यांना निमित्तच हवं असतं. शेगडीला म्हणे थंडी! रडता रडता फिटरही हसला.

"अरे, हसता काय!" शेगडी ओरडला. त्याने सदऱ्याची बटणं काढायचा प्रयत्न केला. बोटांना ती निघेनात, तशी त्याने ओढून तोडली. आत स्वेटर. स्वेटरखाली एक बनियन, त्याच्याखाली आणखी एक. मग वाकून त्याने पँट गुडघ्यापर्यंत वर केली. "ही बायकोची आहे. रोज घालतो. हात गार पडतात माझे, कळत नाहीत मला. उघडला कधी, मिटला कधी, कळलं नाही."

हसणं हळूहळू थांबलं. भाची पुढे आली. तिने त्याचा हात हातात घेतला आणि चटका बसल्यासारखा सोडून दिला.

"कधीपासून?"

"मागच्या हिवाळ्यापासून."

"आणि तरी तू रोज खाली उभा राहिलास?"

"तुझ्यासाठीच ना गं बाळा. म्हटलं, दुसरा कुणी..."

"माझ्यासाठी?" ती इतक्या मोठ्याने ओरडली की मुकादमसुद्धा दचकला. "मामा, मला वरून काही दिसत नाही रे! माणूस दिसत नाही, हात दिसत नाही, ठोकळा दिसत नाही. मला तेवढा तुझा हात दिसतो. तो म्हणेल ते खरं धरून मी लोकांच्या अंगावर ओझी उतरवते. आणि तो हात तुलाच कळत नव्हता?"

शेगडी बटणं तुटलेला सदरा छातीवर ओढायला लागला. फिटरनेच उठून आपला कोट त्याच्या खांद्यावर टाकला. त्यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

लादी तशीच कलती ठेवून चालणार नव्हतं. मुकादमाने वेल्डरला बोलावलं. त्याला खुणा येत होत्या, हात तरणे होते. "मामा, तुम्ही आत जा, हीटरपाशी बसा," मुकादम म्हणाला. शेगडी मान हलवून निघाला, आणि दहा पावलांवर जाऊन थबकला. जाववेना. भाची वर चढली. काचेआड तिचा चेहरा दिसायला लागला. वेल्डरने बोट वर करून फिरवलं.

क्रेन हलली नाही.

वेल्डरने पुन्हा बोट फिरवलं. "अगं, उचल!" मुकादम ओरडला. शेगडीने वर बघितलं. ती वेल्डरकडे बघतच नव्हती. ती मामाकडे बघत होती. एवढी ओरडली, एवढी चिडली, तरी डोळे सवयीने जिथे जायचे तिथेच गेले होते. त्याने तिला वेल्डरकडे बोट दाखवलं. तिने तिकडे बघितलं, आणि पुन्हा याच्याकडे. तो इथे दिसतोय तोवर ती अशीच बघत राहणार, हे त्याच्या लक्षात आलं. आणि हेही लक्षात आलं, की कोटातून बाहेर आलेला त्याचा हात आपोआप वर निघाला होता.

त्याने हात आत घेतला, आणि वळून क्रेनकडे पाठ केली.

समोरून नदीचा वारा थेट तोंडावर आला. मागे मोटर सुरू झाल्याचा आवाज झाला. साखळ्या ताणल्या. "हात बाहेर! सगळे मागे!" वेल्डर ओरडला, पावलं वाजली. पोरीच्या हाताखाली खोलीएवढं वजन हवेत होतं, आणि ते कुठे चाललंय, कोण कुठे उभं आहे, हे त्याला दिसत नव्हतं. मान वळवायची इतकी ओढ त्याला जन्मात कधी लागली नव्हती. त्याने वळवली नाही. थंडीने म्हणा, भीतीने म्हणा, तो लटलटा कापत होता, आणि सगळं यार्ड ते बघत होतं.