लीलाआत्याने काय उजेड पाडला

पाळकसाहेब, तुम्ही लीलाआत्याचं नाव संडेस्कूलच्या शिक्षकांच्या यादीतून खोडलंत ते ती चोर आहे म्हणून नाही. ती खरं बोलली म्हणून. आणि खोडलंत कसं, तर तिला न विचारता, चर्चच्या नोटीस बोर्डावर, पेनाने आडवी रेघ मारून! एकोणतीस वर्षं या भोपाळच्या पिपलानीची पोरं तिच्या चटईवर बसून शिकली. तुमची दोन्ही तिथेच शिकली.

सुरुवात तुमच्याच फॉर्मने झाली. ख्रिस्ताचा प्रकाश रोजच्या जगण्यात कसा आणला, ते मंडळीतल्या प्रत्येकाने लिहून द्यायचं. कल्पना चांगली होती, खोटं का बोलू? पण हिंदी फॉर्मचं मराठी तुम्ही स्वतःच केलंत, एकाही मराठी माणसाला दाखवलं नाहीत आणि छापून आणलंत: ‘या आठवड्यात आपण काय उजेड पाडलात?’

आत्याने एकदा मनात वाचलं, एकदा मोठ्याने.

“मंजे, हे मला विचारतायत की माझी लाज काढतायत?”

“अगं, त्यांना ‘प्रकाश पसरवला’ म्हणायचंय.”

“तुझे आतोबा भात करपला की हेच म्हणायचे. अगदी हेच! वर गेले तरी विचारणं थांबलं नाही मेल्याचं.”

मी हसून हसून पलंगावर पडले. ती हसली नाही. मंडळीतल्या प्रभाकरकाकांनी तोवर ‘रोज पहाटे दोन तास प्रार्थना’ लिहून फॉर्म दिलाही होता. पहाटे त्यांचं घोरणं अख्ख्या क्वार्टरांना ऐकू येतं. आत्या मात्र पेन उघडून बसली ती बसलीच. मग एकदम उठली, एक चप्पल स्वतःची, एक माझी घातली आणि शेजारच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली.

शेजारी शशिकलाकाकू, मूळच्या नागपूरच्या. दोघींचं चार वर्षं बोलणं बंद. काकूंनी एकदा विचारलं होतं, माझा कढीपत्ता कोण तोडतं? तर आत्याने बायबलवर हात ठेवून सांगितलं होतं, मी नाही. वर संशय घेतला म्हणून रुसलीही तीच.

“शशिकला, बाहेर ये. कढीपत्ता मी तोडत होते.”

काकू पिठाच्या हाताने बाहेर आल्या. “माहीत आहे नं बाप्पा! रोज साडेपाचला तू तोडून राहिली, मी पडद्यामागून पाहून राहिली.”

“मग बोलली का नाहीस?”

“तूच बोलत नव्हती नं! फांदी नाही छाटू दिली मी माळ्याला. म्हटलं, लीलाचा हात पोचला पाहिजे.”

आत्या फाटक धरून रडायला लागली, मध्येच तिला हसू फुटलं. काकूंनी पिठाच्या हातानेच तिचे डोळे पुसले, तर ती भुतासारखी दिसायला लागली. मग काकूही सुटल्या. दोन सत्तरीच्या बायका एकमेकींना धरून अशा हसत होत्या की समोरच्यांनी विचारलं, बुलाऊं क्या किसी को?

साहेब, त्यानंतर आत्याला आवरणं कठीण झालं. कबुलीची चटकच लागली. “मंजे, स्कूटर काढ!” साकेत नगरला जाऊन चुलतभाऊ वसंतला सांगितलं, तुझ्या लग्नात तुझ्या सासूला ‘म्हैस’ मी म्हटलं होतं, मनोरमाने नव्हे. तिथून तशीच मिसरोदला, नात्यातल्या त्या मनोरमाकडे, बावीस वर्षं फुकटचा आळ सोसल्याबद्दल माफी मागायला. मनोरमा म्हणाली, “अगं, पण मीही म्हटलं होतं!” परतताना होशंगाबाद रोडवर आत्या मागे बसून गळा फाडून गात होती. सिग्नलला बसमधली माणसं टाळ्या वाजवत होती. मीही गायले. मला गाता येत नाही.

घरी येऊन तिने फॉर्म भरला. ‘कढीपत्त्याची चोरी केली. बायबलवर हात ठेवून खोटी शपथ घेतली. आज कबूल केलं. फार हलकं वाटतंय.’ एवढंच. साक्षीदार म्हणून शशिकलाकाकूंनी सही केली, गरज नसताना.

आणि तुम्ही? ‘अशी व्यक्ती मुलांना काय शिकवणार’ म्हणालात.

शंभरावर फॉर्म आले तुमच्याकडे. सगळे आजाऱ्यांना भेटलेले, सगळे पहाटे उठलेले. एवढी पुण्यवान मंडळी असती तर भोपाळमध्ये रात्रीसुद्धा काळे चष्मे घालावे लागले असते. तुमच्या चुकीच्या मराठीने एका बाईला खरं टोचलं, म्हणून एकच फॉर्म खरा आला. दार उघडून आतला पसारा दाखवायची हिंमत, उजेड म्हणजे हीच ना? की तुमच्या लेखी उजेड म्हणजे नुसती पांढरी इस्त्री?

आत्या रेघ बघून आली आणि चटई झटकून गुंडाळून ठेवली. काल दिवसभर तिने गाणं म्हटलं नाही. ते मला सहन होत नाही.

रविवारी नऊ वाजता पोरं येतील. त्यांना खरं बोलायला कोण शिकवणार, प्रभाकरकाका? लीलाआत्या वर्ग घेणार की नाही? हो किंवा नाही, शनिवारच्या आत लेखी कळवा, आणि खाली स्वतःची सही करा.